कुडपणच्या गाडीची काडीमोड

गाडीत बसलं की आधी तिला नमस्कार करायचा, ही पद्धत कुडपण सोडून पोलादपूर तालुक्यात दुसरीकडे कुठे नाही. महिपत शेलारने चावी फिरवली की डॅशबोर्डातली बाई गोड आवाजात जपानीतून काहीतरी बोलायची, आणि मागे बसलेली दहा-बारा माणसं एका सुरात म्हणायची, "नमस्कार, बाय!" मग गाडी हलायची.

ही पद्धत महिपतनेच पाडली होती. बारा वर्षांपूर्वी गाडी पहिल्यांदा घाट चढून गावात आली, तेव्हा लोकांनी विचारलं, बाई काय म्हणते? बाई म्हणत होती, "कार्ड घातलेलं नाही." जपानात टोलचं एक कार्ड असतं, ते गाडीच्या खाचेत सरकवावं लागतं. कुडपणच्या वाटेवर टोलनाका नव्हता, त्यामुळे कार्डही नव्हतं. पण नव्या माणसाने पहिल्याच दिवशी साऱ्या गावासमोर तक्रार करावी हे महिपतला बरं वाटेना. "नमस्कार म्हणते," त्याने सांगून टाकलं. तेव्हापासून बाई कार्ड मागते आहे आणि गाव तिला नमस्कार करतं आहे. कार्ड नाही म्हणून ती कधी अडून बसली नाही, हे मात्र तिच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

महिपत अठरा वर्षं जपानात, कोबे शहरात, एका सिंधी शेठच्या हॉटेलात आचारी होता. म्हातारपणी परत निघाला तेव्हा शेठची मंडईत जायची गाडी आधीच त्याच्या नावावर झाली होती. तोकावा कंपनीची 'मिनामी'. पावाच्या लादीसारखी चौकोनी, पांढरी, चारही चाकांत जोर. ती बोटीने न्हावाशेव्याला आली, कस्टमवाल्यांनी तिला महिनाभर पाहिलं, पुण्याच्या साहेबांनी तिला तपासलं, पेणच्या आरटीओने तिला नंबर दिला. कागद गाडीपेक्षा जड झाले. थोडक्यात, भारत सरकारने तिला मान्य केलं. राहिली होती फक्त कंपनी. आणि गाडी विकून मोकळ्या झालेल्या कंपनीला पुन्हा विचारायचं असतं, हे महिपतला कोणी सांगितलं नव्हतं.

गाडी रोज सकाळी पोलादपूरला उतरायची आणि दुपारी वर यायची. माणसं, नाचणी, औषधं, कोंबड्या, एकदा वऱ्हाडासकट नवरदेव, असं सगळं तिने वाहिलं. पण महिपतच्या घरात तिचं वजन वेगळ्याच कारणाने होतं. मुलगा भरत भांडुपला राहायचा. आई रखमाला रक्तदाब, दर महिन्याला महाडच्या डॉक्टरला दाखवावं लागे. भरतने गेल्या दिवाळीत स्पष्ट सांगितलं होतं, "बाबा, गाडी चालते तवर राहा इकडं. ज्या दिवशी बंद पडंल, त्या दिवशी तुम्ही दोघं माझ्याकडं. मग मी ऐकणार नाय."

भरतचं काही चुकत नव्हतं. खोली चांगली होती, सून प्रेमळ होती. फक्त खिडकीसमोर दुसरी खिडकी होती. मागे आठ दिवस राहायला गेले तेव्हा रखमा त्या खिडकीतल्या बाईचे वाळत घातलेले कपडे ओळखायला शिकली होती. नवव्या दिवशी ती म्हणाली, "अवो, आता तिची निळी साडी येईल बघा." महिपतने त्याच संध्याकाळी पिशवी भरली होती.

फेब्रुवारीत एका सकाळी घाट उतरताना ब्रेक दगडासारखा घट्ट झाला. पाय ठेवून महिपत जवळजवळ उभा राहिला तरी तो दबेना. पहिला गिअर, हँडब्रेक आणि रखमाने चालवलेला देवीचा धावा या तिन्हींच्या जोरावर गाडी पोलादपूरला मुरारीच्या गॅरेजपर्यंत पोचली.

मुरारीने दिवसभर डोकं आत घालून शेवटी बाहेर काढलं.

"बूस्टर गेलाय, नाना. पायाला जोर देणारा डबा असतो तो. मेलाय."

"दुसरा बसव."

"कुठला बसवू? पिकअपचा लावून बघितला, भोकं जुळत नायत."

"जुळव की मग. तू मारुतीला ट्रॅक्टरचा सायलेन्सर लावलास."

"नाना, मी आख्ख्या तालुक्यात जुगाड करतो. ब्रेकमधी करत नाय." मुरारीने हात पुसले. "माझी आयपण तुमच्याच गाडीतनं बाजाराला येते."

जपानहून तो डबा मागवायचा तर तीन महिने, वर कस्टमवाल्यांचं पाहणं वेगळं. शिमग्याला उरले होते तीन आठवडे, आणि शिमग्याला भरत येणार होता.

"चढायला ब्रेक लागत नाय," मुरारी म्हणाला. "गाडी वर घेऊन जा. पण उतरू नका. आणि नाना, महाडला हायवेवर तोकावाचं नवं शोरूम झालंय. कंपनीचीच गाडी, कंपनीकडं डबा असणारच. एकदा इचारून तरी बघा."

गाडी वर गेली आणि देवळासमोरच्या फणसाखाली उभी राहिली. संध्याकाळी भरतचा नेहमीचा फोन आला.

"गाडी बरी हाय ना, बाबा?"

"झकास उभी हाय," महिपत म्हणाला. रखमाने चुलीपुढून त्याच्याकडे पाहिलं. महिपत आयुष्यात फारसा खोटं बोलला नव्हता, आणि आताही बोलला नव्हता.

*

महाडचं शोरूम काचेचं होतं. दारात पाय पुसणं होतं, पण ते इतकं स्वच्छ होतं की महिपतने आधी चपला झटकल्या आणि मग त्यावर पाय ठेवला. मध्ये एका गोल चौथऱ्यावर नवी गाडी हळूहळू फिरत होती. वर फलक: 'तोकावा शिखर. भारतात प्रथमच.'

महिपत गाडीकडे बघत राहिला. ती एक पूर्ण चक्कर मारून आली तेव्हा त्याची खात्री पटली. ही मिनामीच होती. पुढे चकचकीत पट्ट्यांच्या मिशा लावल्या होत्या, बाकी तीच लादी.

काउंटरवर निशा नावाची मुलगी होती. महिपतच्या पुढे बिरवाडीचा एक जण जुन्या जीपसाठी वायपर मागत होता. निशाने विचारलं, "गाडी कुठल्या कंपनीची?" त्याने सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे इतर," एक बटण दाबलं, आणि दोन मिनिटांत माणूस वायपर घेऊन गेला. महिपतला व्यवस्था आवडली.

"बोला काका. गाडी कुठल्या कंपनीची?"

महिपतने पाठ ताठ केली. "तुमचीच. तोकावा!" आणि हात वर करून भिंतीवरचं भलंमोठं चिन्हही दाखवलं, न जाणो तिला ते दिसलं नसेल.

निशा खुलली. घरचा माणूस म्हणून खुर्ची दिली, कॉफी दिली, चॉकलेट दिलं. मग गाडीचा चासी नंबर टाकला. यंत्राने विचार केला. तिने पुन्हा टाकला. चॉकलेट तोंडात असतानाच महिपतला तिचा चेहरा बदललेला दिसला.

"काका, ही गाडी नाहीये."

"फणसाखाली उभी हाय."

"म्हणजे सिस्टीममध्ये नाहीये. थांबा, सरांना बोलावते."

सर म्हणजे प्रवीण, शोरूमचा मॅनेजर. टाय, पस्तिशी, बोलणं मऊ. त्याने महिपतच्या फोनमधला फोटो पाहिला आणि खाली बसला. फोटोत मिनामी होती, आत चौदा माणसं होती आणि टपावर दोन बकऱ्या. खाली तारीख होती दहा वर्षांपूर्वीची.

"काका, ही तुमच्याकडे कशी आली?"

"बोटीनं."

"पण कंपनीतर्फे नाही आली ना. आमच्या भाषेत हिला ग्रे गाडी म्हणतात."

"पांढरी हाय ती."

"रंगाचं नाही हो." प्रवीणने टाय सैल केला. "कंपनी ज्या देशासाठी गाडी बनवते, त्या देशात ती राहावी अशी कंपनीची इच्छा असते. कोणी परस्पर दुसरीकडे नेली, तर कंपनी तिला ओळखत नाही."

"बनवली कुणी?"

"आम्हीच."

"मग ती कुणाची?"

"आमची नाही."

महिपतने कॉफीचा घोट घेतला. अठरा वर्षं गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकल्यामुळे त्याला घाई नसायची. "बरं, डबा तरी हाय का?"

निशा मधेच म्हणाली, "सर, पार्ट नंबर तोच आहे. 'शिखर'ला हाच बूस्टर आहे. आत दोन पडलेत." प्रवीणने तिच्याकडे पाहिलं आणि ती स्क्रीनकडे पाहू लागली.

"काका, चासी नंबर जुळल्याशिवाय सिस्टीम तोकावाच्या गाडीला पार्ट सोडत नाही. तुमच्याच सुरक्षेसाठी आहे हे. समजा मी ब्रेकचा पार्ट दिला आणि काही झालं तर?"

"आणि नाय दिला आणि झालं तर?"

प्रवीणने प्रामाणिकपणे विचार केला. "मग कंपनीचा प्रश्न येत नाही."

तो माणूस वाईट नव्हता. त्याने महिपतसमोर बसून मुख्य कचेरीला मेल लिहिला, खास बाब म्हणून परवानगी मागितली, फोटोही जोडला. बकऱ्या कापून टाकाव्यात असं त्याला एकदा वाटलं, पण खरेपणाला बाध येईल म्हणून राहू दिल्या.

*

उत्तर आठ दिवसांनी आलं, तेही पोस्टाने, थेट कुडपणला. आधी इंग्रजीत चार पानं होती आणि मागे त्यांचं मराठी होतं.

शिमग्याच्या तयारीसाठी त्या दिवशी गावकी बसणारच होती. देवळाच्या ओट्यावर पालखीला रंग कुठला द्यायचा यावर तासभर वाद झाला आणि गेल्या वर्षीचाच रंग ठरला. मग महिपतने पत्र काढलं. गावकीचे म्होरके दत्ताराम यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं:

"'सदर वाहन कंपनीच्या अधिकृत वितरण साखळीतून आलेले नसल्याने कंपनी सदर वाहनाशी असलेला कोणताही संबंध नाकारते. कंपनी त्याची देखभाल, दुरुस्ती अथवा सुटे भाग यांची जबाबदारी घेऊ शकत नाही. तथापि'..." दत्ताराम थांबले. "तथापि आलं की समजावं, खरं आता हाय." पुढे वाचलं, "'तथापि, सदर वाहनावर कंपनीचे नोंदणीकृत बोधचिन्ह असल्याचे छायाचित्रात दिसून येते. ते सात दिवसांत उतरवून आमच्या प्रतिनिधीकडे सुपूर्द करावे.'"

"म्हणजे नांदवणार नाय," मागून ठमाबाई म्हणाली, "आणि मंगळसूत्र परत द्या म्हणतात."

एवढ्या चार पानांचं याहून चांगलं भाषांतर कोणी केलं नसतं. ओट्यावर बसलेल्या प्रत्येकाला प्रकरण ताबडतोब समजलं, कारण गावकीपुढे असली प्रकरणं आजा-पणजाच्या काळापासून येत होती.

"द्यायचं नाय चिन्ह!" एक जण उसळला.

"द्यायचं," दत्ताराम शांतपणे म्हणाले. "त्यांचं त्यांना द्यायचं. पण रीतीनं. नुसतं 'संबंध नाय' लिहून पाठवलं की संबंध तुटतो काय? उद्या परत येतील, म्हणतील आमची हाय. बाई धड सासरची नाय, धड माहेरची नाय, अशी ठेवायची नाय आपल्यात. काडीमोड करायची. दोन्ही बाजू समोर पायजेत."

"आणि मग ती कुणाची?" महिपतने विचारलं. गाडी त्याच्या नावावर होती, पण गावकी बसली असताना तो मुद्दा काढणं शोभलं नसतं.

"गावची. गावात घ्यायची. तुझ्या दारात राहील, तू चालवशील. शिमग्याच्या नारळाचा वाटा मात्र तिचा निराळा."

घरी येताना रखमा म्हणाली, "सगळं झालं. डब्याचं काय झालं?"

"डब्याचं नाय झालं."

"भरत तिकिटं काढली म्हणतो. येतानाचं एक, जातानाची तीन."

त्या रात्री महिपतला निळी साडी आठवली.

*

प्रतिनिधी म्हणून प्रवीणच आला. रविवारी, शोरूमची 'शिखर' घेऊन. कचेरीला चिन्ह हवं होतं, चिन्ह नसलेल्या गाडीचा फोटो हवा होता आणि एका फॉर्मवर महिपतची सही हवी होती. शेवटच्या चढावर 'शिखर'चं पोट दगडाला घासलं, म्हणून तिला खालच्या वळणावर ठेवून तो चालत आला. घामाने टाय गळ्याला चिकटला होता.

ओट्यावर पन्नासेक माणसं बघून तो बिचकला. पण त्याला पाट दिला, चहा दिला, टोपी घातली. विक्रीच्या प्रशिक्षणात त्याला शिकवलं होतं की स्थानिक चालीरीतींचा मान राखावा. नाही म्हणू नये, हसतमुख राहावं. तो हसतमुख राहिला.

महिपतने पान्याने गाडीच्या तोंडावरचं चिन्ह हलकेच उचकटलं, फडक्याने पुसलं आणि प्रवीणच्या हातात दिलं. मग दत्तारामांनी गवताची एक वाळकी काडी पुढे केली.

"साहेब, हे टोक तुम्ही धरा. कंपनीतर्फे."

"आणि ते?"

"ते महिपत. गाडीतर्फे."

प्रवीणला हे फीत कापण्यासारखं काहीतरी वाटलं. त्याने काडी दोन बोटांत धरली.

"मोडा."

काडी मोडली. कट् असा बारीक आवाज झाला. मागे दोन-तीन बायकांनी डोळ्यांना पदर लावला, तेव्हा प्रवीणला पहिल्यांदा शंका आली.

"हे नक्की काय झालं?"

"कागद वाचा की," दत्ताराम म्हणाले आणि गावकीची वही पुढे केली. त्यात लिहिलं होतं:

'आज रोजी तोकावा कंपनी आणि गाडी यांची पंचांसमक्ष राजीखुशीने काडीमोड झाली. कंपनीचे चिन्ह कंपनीस पोचले. इथून पुढे कंपनीचा गाडीवर आणि गाडीचा कंपनीवर हक्क नाही. गाडीला कंपनीचे नाव लागणार नाही. गाडी गावात घेतली. वाटा चालू.'

प्रवीणने दोनदा वाचलं. कचेरीतले वकील चार पानांत जे म्हणत होते, ते इथे पाच ओळींत होतं आणि नेमकं होतं. हरकत घेण्यासारखं एकही अक्षर त्याला सापडेना. त्याने सही केली आणि खाली सवयीने शोरूमचा शिक्काही मारला, जो त्याच्या फॉर्मसाठी आणला होता. मग महिपतने त्याच्या फॉर्मवर सही केली. दोन्ही पक्ष मोकळे झाले.

सगळे पांगल्यावर प्रवीण गाडीभोवती रेंगाळला.

"काका, एकदा आत बसू का? आम्हाला प्रशिक्षणात हिचा फक्त फोटो दाखवला होता."

महिपतने दार उघडलं. प्रवीण बसला, दार ओढून घेतलं. दाराचा जाड, मऊ आवाज आला. त्याने ते पुन्हा उघडलं आणि पुन्हा लावलं.

"आमच्या 'शिखर'चं असं लागत नाही," तो म्हणाला, आणि चटकन मागे वळून पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही.

महिपतने चावी फिरवली. बाई बोलली. प्रवीण दचकला. "काय म्हणाली?"

"नमस्कार," महिपत म्हणाला. प्रवीणने डॅशबोर्डाला हात जोडले.

तो उतारावरून दिसेनासा झाल्यावर रखमा गाडीपाशी आली. चिन्हाच्या जागी दोन भोकं आणि एक गोल, ऊन न लागलेला पांढरा डाग राहिला होता. तिने त्या डागाला हळदीकुंकू लावलं.

"काडीमोड झालेल्या बाईला कुंकू?" महिपत हसला.

"तिला नाय तर काय कंपनीला लावू?" रखमा म्हणाली. "आणि आता कुणी इचारलं, गाडी कुठल्या कंपनीची, तर काय सांगणार तुम्ही?"

महिपतला एकदम बिरवाडीचा जीपवाला आठवला. दोन मिनिटांत वायपर घेऊन गेलेला.

*

सोमवारी तो पोलादपूरहून पहिल्या एसटीने महाडला पोचला. पिशवीत गावकीच्या कागदाची झेरॉक्स आणि मुरारीने चिठ्ठीवर लिहिलेला पार्ट नंबर. शोरूमचं दार नुकतंच उघडलं होतं. चौथऱ्यावरची गाडी अजून फिरायला लागली नव्हती.

निशाने त्याला ओळखलं आणि तिचा चेहरा पडला. तरी नेमाप्रमाणे तिने विचारलं, "बोला काका. गाडी कुठल्या कंपनीची?"

या वेळी महिपतने भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कुठल्याच नाय, पोरी. गावची हाय."

निशाचं बोट बटणावर थांबलं.

"काका, पण परवा तर..."

"परवा होती. आता नाय. काडीमोड झाली." त्याने झेरॉक्स पुढे सरकवली. "तुमच्याच शोरूमचा शिक्का हाय बघ. कंपनीचं नाव लागणार नाय म्हणून लिहिलंय."

तिने कागद वाचला. शिक्का पाहिला. मग काचेच्या केबिनकडे पाहिलं. केबिनमध्ये प्रवीण बसला होता आणि त्याने सगळं पाहिलं होतं. तो उठेल असं दोघांनाही वाटलं. तो उठला, खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा बसला. भिंतीवर कॅलेंडर होतं. फेब्रुवारी संपला असूनही पान उलटलेलं नव्हतं. ते त्याने सावकाश उलटलं आणि मार्च महिना लक्षपूर्वक वाचायला घेतला.

"म्हणजे इतर," निशा म्हणाली आणि बटण दाबलं.

यंत्राने चासी नंबर विचारला नाही. तोकावाच्या गाडीलाच तो विचारायचा होता. बाकीच्या जगाबद्दल यंत्राला काही शंका नव्हत्या. पार्ट नंबर टाकला, आतून खोका आला. खोक्यावर चिन्ह होतं. महिपतने विचारलं, "हे फाडून ठेवू का इथंच? नायतर परत पत्र यायचं."

निशा इतकी हसली की तिला तोंडावर फाइल धरावी लागली. केबिनमधली खुर्चीही थोडी हलली.

"काका, कॉफी?"

"इतरांना देता?"

"आजपासून देते."

मुरारीने खोका पोटाशी बांधून मोटरसायकलवर कुडपणला नेला आणि फणसाखाली दोन तासांत डबा बसवला. भोकं जुळली. मग महिपतने गाडी घाटात घातली, मुरारी शेजारी. पहिल्या वळणावर पाय ठेवला तशी गाडी पुढचं नाक वाकवून अदबीने थांबली. दुसऱ्या वळणावर थांबली. तिसऱ्या वळणावर थांबवायचं काही कारण नव्हतं तरी त्याने थांबवली.

"पुरे, नाना," मुरारी म्हणाला. "माझ्या पोटातला चहा हालतोय."

*

भरत वीर स्टेशनावर उतरला तेव्हा रिक्षावाले नेहमीप्रमाणे "महाड, महाड" ओरडत होते. त्याने एकाशी ठरवायला तोंड उघडलं आणि पलीकडे पांढरी लादी उभी दिसली. पुढच्या सीटवर आई, स्टिअरिंगपाशी बाप. मुंबईत बसल्या जागी त्याला गावातल्या कोणीतरी खरी बातमी कळवली होती, त्यामुळे तो आधी गाडीकडे बघत राहिला, मग बापाकडे.

"बंद पडली होती ना?"

"उभी होती," महिपत म्हणाला. "बस."

भरत मागे बसला. बाई बोलली. "नमस्कार, बाय," त्याच्या तोंडून निघून गेलं. लहानपणीची नसली तरी बारा वर्षांची सवय होती.

राजेवाडीच्या पुढे एक म्हैस रस्ता ओलांडायला निघाली आणि मधेच तिचा विचार बदलला. महिपतने पाय ठेवला. गाडी म्हशीपासून चार हातांवर थांबली, कोणाला हिसका न देता. म्हशीने तिघांकडे नीट पाहून घेतलं आणि वाट मोकळी केली.

"तोंडावरचं चिन्ह कुठं गेलं?" भरतने विचारलं.

"काडीमोड झाली," रखमा म्हणाली. "कुंकू मी लावलं. यंदा नारळाचा वाटापण निराळा हाय तिला."

भरतला यातलं काही समजलं नाही, पण ब्रेक त्याला समजला होता. त्याने खिशातून फोन काढला.

"जातानाची तीन तिकिटं काढलीत," तो म्हणाला, कोणालाच उद्देशून नाही.

"दोन रद्द कर," महिपत म्हणाला.

"आणि डॉक्टरचं?"

"मंगळवारी दाखवायचंय. मीच नेणार हाय तिला. तू पण चल. येताना शोरूममधी कॉफी पिऊ. आता आपण इतर हाव, आपल्याला देतात."

भरत फोनवर बोटं फिरवत राहिला. पोलादपूर मागे पडलं, चढ लागला आणि रेंज गेली, पण तोवर त्याचं काम झालं असावं, कारण त्याने फोन खिशात टाकला.

"बाबा, एक इचारू? ही बाई नक्की काय म्हणते?"

महिपतने आरशात त्याच्याकडे पाहिलं. बारा वर्षांत हे पुष्कळांनी विचारलं होतं. पण खरं सांगायचं त्याच्या मनात पहिल्यांदाच आलं. शेजारी रखमा कान देऊन बसली होती.

"कार्ड घातलेलं नाय म्हणते," तो म्हणाला.

"बारा वर्षं?"

"बारा वर्षं."

रखमाने डॅशबोर्डाकडे बघितलं. "मग घालत का नाय एखादं?" तिने पर्समधून डॉक्टरचं कार्ड काढलं, त्यावर तिचं नाव आणि रक्तदाब लिहिला होता, आणि खाचेत सरकवून दिलं.

बाई जपानीतून काहीतरी नवीनच बोलली.

"अवो, आता काय म्हणाली बाय?" रखमाने विचारलं.

ती म्हणाली होती की हे कार्ड वाचता येत नाही. महिपतने गिअर बदलला.

"नमस्कार म्हणते," तो म्हणाला, आणि गाडी कुडपणच्या शेवटच्या चढाला लागली.